तय्यबजींनी उपकार केला नव्हता

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की आपल्या गावात इफ्तारच्या निमंत्रणांची गर्दी होते. पोलीस ठाण्याचा इफ्तार, नगरपालिकेचा इफ्तार, दोन्ही पक्षांचे वेगवेगळे, शिवाय शांतता समितीचा. खजूर, कलिंगडाच्या फोडी, कांदाभजी, गुलाबी सरबत. मगरीबची नमाज झाली की सतरंजीवर भाषणे सुरू होतात आणि त्यात काही नावे हमखास येतात. शिवरायांच्या आरमारातला दौलतखान, हुतात्मा अब्दुल हमीद, कलाम साहेब. अलीकडे यात बद्रुद्दीन तय्यबजींची भर पडली आहे. वक्ता हात उंचावून सांगतो, ‘एका मुसलमान न्यायाधीशाने लोकमान्य टिळकांना जामीन दिला होता!’ टाळ्या पडतात. मीही वाजवतो. चांगल्या मनाने बोललेल्या माणसाला टाळी नाकारू नये.

पण घरी येताना ते वाक्य टोचत राहते. वाक्य खोटे नाही, त्याची तारीखसुद्धा सांगता येते: ४ ऑगस्ट १८९७. टोचतात ते त्यात न उच्चारता बसलेले शब्द: ‘मुसलमान असूनही’. टिळकांना जामीन देणे म्हणजे जणू एका समाजाने दुसऱ्यावर केलेला उपकार, आणि त्याची पोच म्हणून सव्वाशे वर्षांनी आपण सरबताचा पेला पुढे करायचा. माझे म्हणणे असे की तय्यबजींनी टिळकांवर उपकार केला नव्हता. तो उपकार मानला तर त्या माणसाने त्या दिवशी नेमके काय केले, तेच नजरेआड होते.

आधी हा माणूस कोण, ते पाहू. १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत जन्म. घराणे सुलेमानी बोहरा व्यापाऱ्यांचे, मूळ खंबातकडचे. वडील मुल्ला तय्यब अली यांनी मुलांना युरोपात शिकायला पाठवले, तेही समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडणे असे मानणारे लोक सगळ्याच समाजांत होते त्या काळात. थोरले कमरुद्दीन इंग्लंडला जाऊन सॉलिसिटर होऊन आले. ते पहिले हिंदी सॉलिसिटर समजले जातात. त्यांच्यामागून बद्रुद्दीन पंधरा-सोळाव्या वर्षी बोटीत बसले. मध्येच डोळ्यांनी दगा दिला, शिक्षण अर्धवट टाकून मुंबईला परतावे लागले. पुन्हा गेले, आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबई उच्च न्यायालयात उभे राहिले. तिथले ते पहिले हिंदी बॅरिस्टर.

आज काळा कोट घातलेली मुले तालुक्याच्या कोर्टाबाहेर चहा पिताना दिसतात, त्यामुळे त्या ‘पहिले’ या शब्दाचे वजन आपल्याला कळत नाही. त्या काळी बॅरिस्टरची खोली म्हणजे गोऱ्या साहेबांचा क्लब. खटला मिळवायचा तर सॉलिसिटरने तो आणून द्यायला हवा, आणि सॉलिसिटरही बहुतेक गोरेच. थोरला भाऊ सॉलिसिटर असणे ही बद्रुद्दीन यांच्यासाठी केवढी सोय होती, हे कुठल्याही नवख्या वकिलाला विचारा. बाकी मेहनत त्यांची.

मग सार्वजनिक जीवन. १८७३ मध्ये मुंबई महापालिकेत, पुढे कायदेमंडळात. फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्रिंबक तेलंग आणि तय्यबजी, म्हणजे एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान, या तिघांनी १८८५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभी केली. सीएसएमटी स्थानकातून बाहेर पडल्यावर समोर घुमट-कमानींची जी देखणी इमारत दिसते, ती अंजुमन-ए-इस्लामची शाळा. ही संस्था उभी करणाऱ्यांत बद्रुद्दीन आणि कमरुद्दीन हे दोघे भाऊ होते आणि बद्रुद्दीन यांनी अखेरपर्यंत तिची धुरा वाहिली. मुसलमानांची मुले इंग्रजी शिक्षणापासून दूर राहिली तर सगळ्याच दारांबाहेर राहतील, हे त्यांना दिसत होते. स्वतःच्या मुलींनाही त्यांनी शाळेत घातले. १९०३ मध्ये मुंबईत भरलेल्या मुस्लिम शिक्षण परिषदेचे अध्यक्ष असताना, धर्माने सांगितला त्यापेक्षा कडक पडदा आपण बायकांवर लादला आहे, असे त्यांनी भर सभेत सांगितले. त्यावरून बरीच ओरड झाली. हा भाग मात्र इफ्तारच्या भाषणांत कधी येत नाही. आमच्याच लोकांना तो गैरसोयीचा आहे, हे मी कबूल करतो.

१८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले. ६०७ प्रतिनिधी आले होते आणि अध्यक्ष होते बद्रुद्दीन तय्यबजी, काँग्रेसचे पहिले मुसलमान अध्यक्ष. सगळ्यांच्या हिताच्या कामात मुसलमानांनी आपल्या देशबांधवांच्या खांद्याला खांदा लावून का उभे राहू नये, हे मला समजत नाही, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. अलिगडला सर सय्यद अहमद खान यांना हे मुळीच रुचले नाही. दोघांत पत्रव्यवहार झाला, आणि तो वाचण्यासारखा आहे, कारण त्यात दोन मोठी माणसे एकमेकांचा मान राखून कडकडून भांडतात.

इथे चित्र फार गोड करू नये. वर्षभरातच तय्यबजींनी काँग्रेसचे संस्थापक ह्यूम यांना लिहिले की मुसलमानांचा विरोध एवढा वाढला आहे, तर अधिवेशने पाच वर्षे थांबवावीत. ह्यूम यांनी ते ऐकले नाही. पण एखाद्या प्रश्नावर हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा जवळजवळ एकमुखी विरोध असेल तर तो प्रश्न चर्चेला घ्यायचा नाही, असा ठराव १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात झाला. म्हणजे तय्यबजी एकतेची घोषणा देऊन मोकळे होणारे नव्हते. भीती खरी आहे, तिला वाट करून द्यायला हवी, हे ते जाणत होते. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्यांतलेही ते नव्हते. मवाळ, कायद्याला मानणारे, सरकारदरबारी ऊठबस असलेले गृहस्थ. १८९५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, त्या न्यायालयातले पहिले मुसलमान न्यायाधीश.

आता १८९७ कडे वळू. पुण्यात प्लेग. रँडसाहेबाच्या हुकमाने घराघरांत घुसणारे गोरे सोल्जर. १५ जूनच्या ‘केसरी’त शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत आणि शिवरायांच्या तोंडी घातलेली एक कविता छापून आली. २२ जूनच्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकरी सापडत नव्हते. सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय, हा टिळकांचा गाजलेला सवाल त्याच दिवसांतला. पण खटला त्यावर झाला नाही, झाला १५ जूनच्या मजकुरावर. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली. कलम १२४-अ, राजद्रोह. पुण्याच्या नातू बंधूंना तर १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटल्याशिवायच उचलून नेले होते. इंग्रजी वृत्तपत्रे टिळकांना खुनाचे चिथावणीखोर ठरवून मोकळी झाली होती. हवा अशी होती.

मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. २९ जुलैला अर्ज उच्च न्यायालयात न्या. पार्सन्स आणि न्या. रानडे यांच्यापुढे आला. त्यांनीही त्या घडीला जामीन दिला नाही, पुन्हा अर्ज करायची मुभा ठेवली. रानडे म्हणजे आपले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. टिळकांच्याच पुण्याचे.

२ ऑगस्टला खटला सेशन्सकडे गेला. ४ तारखेला नवा अर्ज आला, तो फौजदारी सेशन्सचे काम पाहणाऱ्या न्या. बद्रुद्दीन तय्यबजींपुढे. टिळकांच्या वतीने उभे होते बॅरिस्टर दिनशा दावर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या दिवशी तय्यबजींच्या टेबलावर काय होते, याचा विचार करा. ज्या मजकुरावर खटला होता त्यात शिवरायांनी अफजलखानाला मारले ते योग्यच होते, असे प्रतिपादन करणारे टिळकांचे भाषण होते. चार वर्षांपूर्वी, १८९३ मध्ये, मुंबईत हिंदू-मुसलमानांची भीषण दंगल झाली होती, आणि त्यानंतर टिळकांच्या लेखणीने सरकार मुसलमानांना झुकते माप देते असा सूर लावला होता. सार्वजनिक गणेशोत्सवाचे नवे रूप त्याच काळातले. सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर तर तय्यबजी आणि टिळक यांची तोंडे अगदी विरुद्ध दिशांना होती. तय्यबजी मुलींना शाळेत पाठवणारे, तर टिळकांनी संमतीवयाच्या कायद्याला कडाडून विरोध केलेला. मवाळ आणि जहाल हे भांडणही तेव्हा उगवत होते. राग धरायचा असता तर कारणांची कमतरता नव्हती, आणि नकार देणे सोपेही होते. मॅजिस्ट्रेटने नाकारला, दोन ज्येष्ठ न्यायाधीशांनी नाकारला, सरकारची तशी इच्छा. तिसऱ्यांदा ‘नाही’ म्हटले असते तर कुणीही बोट दाखवले नसते.

तय्यबजींनी विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. खटल्याआधी माणसाला कोंडून ठेवायचे ते कशासाठी? तो खटल्याला हजर राहावा म्हणून. टिळक पळून जातील अशी भीती आहे का? नाही. मग त्यांना आत ठेवले तर वकिलांशी सल्लामसलत, कागदपत्रांची जुळवाजुळव, बचावाची तयारी कशी होणार? आणि महिनाभर तुरुंगात ठेवल्यावर ज्यूरीने निर्दोष ठरवले, तर त्या महिन्याचे काय? हा विचार करून त्यांनी जामीन दिला.

टिळकांचे म्हणणे बरोबर की चूक, यावर ते काही बोलले नाहीत. बोलायचा तो दिवसच नव्हता. आपल्याला मोह होतो तो इथेच. आपल्याला वाटते की जामीन म्हणजे टिळकांच्या देशभक्तीला एका मुसलमानाने केलेला सलाम. मला तसे वाटत नाही. १५ जूनचा तो मजकूर तय्यबजींना कदाचित मुळीच आवडला नसेल. न आवडलेल्या मजकुराच्या लेखकालाही बचावाची संधी मिळायला हवी, एवढेच त्यांनी केले, आणि हे सलामापेक्षा फार कठीण काम आहे. सलाम आपण आवडत्या माणसाला करतो.

त्या जामिनाचा उपयोग काय झाला? मोकळेपणी तयारी करता आली. बंगालमधल्या मित्रांनी पैसा उभा केला आणि कलकत्त्याहून पग आणि गार्थ हे बॅरिस्टर बचावासाठी आले. ८ सप्टेंबरला खटला सुरू झाला तेव्हा टिळक कोर्टात हजर होते. न्या. स्ट्रेची यांनी ‘डिसअफेक्शन’ म्हणजे सरकारविषयी प्रेमाचा अभाव, असा विलक्षण अर्थ ज्यूरीला समजावून सांगितला. ज्यूरीतल्या सहा युरोपीयांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष. १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. तेव्हा जामिनाने टिळक सुटले नाहीत. त्यांना लढता आले, इतकेच.

आता त्या रानड्यांकडे परत या. हिंदू, मराठी, ब्राह्मण, पुण्याचे, आणि त्यांनी टिळकांना जामीन दिला नाही. बोहरा मुसलमानाने दिला. आडनावावरून निकाल वाचणाऱ्यांनी हे गणित कसे सोडवायचे? रानड्यांना मी यासाठी दोष देत नाही. अटकेला दोनच दिवस झाले होते, तपास चालू होता, आणि पुन्हा अर्जाची वाट त्यांनीच मोकळी ठेवली होती. दोघे आपापल्या समजुतीने कायदा वाचत होते. पण इफ्तारच्या मंचावर अर्धीच गोष्ट सांगितली जाते, कारण पूर्ण गोष्टीत टाळीची जागा सापडत नाही.

आणि ते बॅरिस्टर दावर? अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला भरला. तोवर दावर स्वतः उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले होते आणि जामिनाचा अर्ज त्यांच्याचपुढे आला. टिळकांच्या वतीने अर्ज केला तरुण बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी. १८९७ मध्ये दावर यांनीच ज्या माणसासाठी जामीन मागितला आणि मिळवला होता, त्याच माणसाला त्याच कलमाखाली त्यांनी तो नाकारला. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांची शिक्षा झाली आणि टिळकांना मंडालेला पाठवले गेले. दावर पारशी होते. त्यांचा पारशीपणा १८९७ मध्ये एक होता आणि १९०८ मध्ये दुसरा, असे कुणी म्हणेल का? बदलली होती ती खुर्ची. मग तय्यबजींच्या बाबतीतच धर्म पहिल्या शब्दाला का येतो?

१९०२ मध्ये तय्यबजी काही काळ मुंबईचे हंगामी मुख्य न्यायाधीश झाले, त्या पदावर बसलेले पहिले हिंदी गृहस्थ. ऑगस्ट १९०६ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यामुळे १९०८ चा खटला त्यांनी पाहिला नाही. पाहिला तो दुसऱ्या एका न्यायाधीशाने, पुस्तकांतून: न्या. महंमद करीम छागला. स्वातंत्र्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाचे पहिले हिंदी मुख्य न्यायाधीश. १९०८ मध्ये ज्यूरीच्या निर्णयानंतर टिळकांनी कोर्टाला जे उत्तर दिले, ते संगमरवरावर कोरून १९५६ मध्ये छागलांनी त्या कोर्टरूमच्या बाहेर बसवले. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्यानेच शिक्षा झालेल्याचे शब्द आपल्या भिंतीवर लावले. मुंबईला कामाने गेलात तर बघून या. अशी दगडावरची कबुली जगात फार ठिकाणी नसेल.

या पानावर मी आजवर रोजा, सब्र, जकात यांवर लिहिले. आज न्यायावर लिहितो आहे, कारण तराजू हा कुरआनचा आवडता विषय आहे. न्यायाच्या बाजूने उभे राहा, मग तो तुमच्या स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध, नातेवाइकांविरुद्ध जात असला तरी, असा आदेश सूरह निसामध्ये आहे. कुठल्याही लोकांविषयीच्या वैरामुळे तुमच्या हातून अन्याय होऊ नये, असे सूरह माइदा बजावते. हजरत अलींची गोष्ट तर आमच्या घराघरांत सांगतात. एकविसावा रोजा त्यांच्या शहादतीचा दिवस, म्हणून ती या दिवसांत विशेष आठवते. खलिफा असताना त्यांचे चिलखत हरवले आणि एका बिगरमुस्लिम नागरिकाकडे सापडले. खलिफा काझी शुरैह यांच्या कोर्टात गेले. काझींनी साक्षीदार मागितले. अलींनी मुलाचे नाव सांगितले. काझी म्हणाले, बापासाठी मुलाची साक्ष चालणार नाही. दावा फेटाळला गेला. राज्य अलींचे, काझी त्यांच्याच राज्यातला, चिलखत त्यांचे, आणि खटला हरले तेच. आपल्याकडे रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट ज्या कारणाने सांगतात, त्याच कारणाने ही सांगतात.

तय्यबजींना ही गोष्ट लहानपणी कुणी सांगितली असेल का? असेलही. श्रद्धेने माणसाला बळ मिळते, हे मी नाकारत नाही. रोज दिवसभर पाण्याचा थेंब न घेणारा माणूस ते कसे नाकारेल? पण बळ कुठून आले हा त्याच्या आणि अल्लाहच्या मधला मामला. आपण वाचायचे ते निकालपत्र.

हे मी आपल्या लोकांनाही सांगतो आहे. कोर्टात तारीख असली की आमच्या मोहल्ल्यात पहिला प्रश्न असतो, ‘जज कोण आहे?’ म्हणजे आपला की त्यांचा. पलीकडच्या आळीतही हाच प्रश्न विचारतात, फक्त ‘आपला’ या शब्दाचा अर्थ बदलतो. एखादा निकाल आला की अर्ध्या तासात न्यायाधीशाच्या नावाचे, जातीचे, त्याच्या बायकोच्या माहेरचे मेसेज मोबाइलवर फिरतात. निकाल किती पानांचा आहे हे कुणी विचारत नाही. मनासारखा निकाल लागला तर तो ‘न्याय’, नाहीतर ‘त्यांचा माणूस’. उद्या खरोखरच अफजलखानाच्या उल्लेखावरून एखादा खटला उभा राहिला आणि समोर तय्यबजी नावाचा न्यायाधीश बसला, तर आपण त्याला शांतपणे निकाल देऊ देऊ का? १८९७ मध्ये त्यांना तेवढी शांतता मिळाली होती.

आणि मुख्य प्रश्न जामिनाचा आहे. राजद्रोहाचे १२४-अ सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये थांबवून ठेवले, १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली आणि त्यात थोड्या वेगळ्या शब्दांत कलम १५२ आले. त्यावर कायदेपंडितांनी बोलावे. मला दिसतात ते आमच्या जिल्हा कारागृहाच्या फाटकाबाहेर डबा घेऊन बसलेले लोक. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारांतले तीन अजून दोषी ठरलेले नाहीत. तय्यबजींचा प्रश्न, ‘उद्या निर्दोष ठरला तर या महिन्याचे काय?’, यांच्यापैकी किती जणांसाठी कुणी विचारला? इथे महिन्याचा नाही, वर्षांचा हिशेब आहे. लोकसंख्येतल्या वाट्याच्या मानाने त्यात दलित, आदिवासी, मुसलमान जास्त आहेत हे खरे. पण त्या फाटकाबाहेर बसलेल्या बायकांकडे पाहिले की सगळ्यांत जास्त काय दिसते म्हणाल, तर गरिबी.

त्यांच्यापैकी काहींना जामीन मंजूर झालेला असतो, हे अनेकांना ठाऊक नसते. कोर्टाने सोडा म्हटलेले असते, पण जामीनदार मिळत नाही. जामीनदार म्हणून उभे राहायचे तर सातबारा किंवा घरपट्टीची पावती हवी, कुठे ऐपतीचा दाखला मागतात. ऊसतोडीला आलेल्या परजिल्ह्यातल्या माणसासाठी इथे सातबारा घेऊन कोण उभा राहणार? १५-२० हजारांच्या रकमेपायी माणूस आतच राहतो. टिळकांच्या मागे पुणे, मुंबई आणि बंगाल उभे होते. याच्या मागे एक डबा आहे.

सोय अजिबात नाही असे नाही. जामीन मंजूर होऊन आठवड्यात कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सांगितले आहे. त्याच वर्षी गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आली. तीत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा भोगून दंडापायी अडकलेल्यासाठी २५ हजारांपर्यंत मदतीची तरतूद होती. पण कागद हलवायला माणूस लागतो.

इथे रमजानचा संबंध येतो. कुरआनने जकातीचे आठ वाटेकरी सांगितले आहेत. त्यात ‘फिर-रिकाब’ आहे, म्हणजे अडकलेली मान सोडवणे. जुन्या काळी त्याचा अर्थ गुलामांची आणि कैद्यांची सुटका असा होता. गुलामगिरी गेली म्हणून आपण तो वाटा जवळजवळ विसरून गेलो आणि सगळी जकात मदरसे, विधवा आणि रेशनच्या किटांत वाटू लागलो. तीही हवी, त्यावर माझे काही म्हणणे नाही. पण जामिनाअभावी आत बसलेला माणूस ही अडकलेली मान नव्हे तर काय? जकात कुणाला चालते, कुणाला नाही, याचे मसले मुफ्तींना विचारा; मी आलिम नाही. सदक्याला मात्र अशी कुठलीच अट नाही. तो कुणालाही देता येतो, धर्म न विचारता. आणि जामीनदार म्हणून उभे राहायला तर पैसाही लागत नाही, लागतो तो विश्वास आणि एक पावती.

गेल्या शुक्रवारी नमाजनंतर आम्ही पाच-सहा जण मशिदीच्या पायऱ्यांवर यावर बोलत बसलो. एकाने रास्त शंका काढली, ‘माणूस पळाला तर?’ पळाला तर जामीनदाराला दंड भरावा लागतो, हे खरेच आहे. दुसरा म्हणाला, ‘यादीत सगळे आपले नसतील.’ त्याला मी ४ ऑगस्ट १८९७ ची गोष्ट सांगितली, रानड्यांसकट, दावरांसकट. तो हसला. म्हणाला, ‘गोष्ट लांब आहे, इफ्तारमध्ये चालणार नाही.’ शेजारच्या किराणा दुकानाचे मालक ऐकत होते. त्यांचा आमच्या नमाजेशी संबंध नाही, पण त्यांनी विचारले, घरपट्टीची पावती त्यांची चालेल का. चालेल.

सोमवारी सकाळी अकराला आम्ही विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाणार आहोत. पहिल्या दिवशी एवढेच विचारायचे आहे की जामीन मंजूर होऊनही आत असलेले किती जण आहेत. सातबारा-पावत्या दुसऱ्या खेपेला. ज्यांना यायचे असेल त्यांनी साडेदहाला एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर भेटावे. रोजा असला तरी चालेल, अंतर फार नाही.